पांढरं खोकं, काळं खोकं

"दोघांनाबी एकच गिअरबॉक्स फिरवायला दिलाय सर," मच्छिंद्र म्हणाला. "आता बघा, कोण पहिलं दमतंय."

तो प्रयोगशाळेच्या फरशीवर मांडी घालून बसला होता. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर झाकण काढलेले दोन संगणक, आणि दोघांच्या पोटात एकेक नवं कोरं ग्राफिक्स कार्ड. एक पांढऱ्या खोक्यातून आलेलं, दुसरं काळ्या. पांढऱ्या खोक्यावर नुसतं कार्डाचं चित्र होतं. काळ्या खोक्यावर चिलखत घातलेली आणि हातात पेटती तलवार धरलेली एक बाई होती. आमच्या तंत्रनिकेतनाच्या खरेदी समितीत पाचही सभासद पुरुष होते, हे इथेच नोंदवून ठेवतो.

ही दोन हजार बारा सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं तंत्रनिकेतन होतं आणि मी तिथे संगणक विभागात शिकवत होतो. यंत्रशाखेची मुलं संगणकावर गिअर, पंप असली चित्रं काढत. ती पडद्यावर गोल फिरवून चारी बाजूंनी दाखवायचं काम ग्राफिक्स कार्डाचं. आमच्याकडे तशी कार्डं नव्हती, त्यामुळे मूल गिअरबॉक्स फिरवायला लावून चहा पिऊन यायचं आणि परत येईपर्यंत तो अर्धा वळलेला असायचा. आता बारा कार्डं मंजूर झाली होती. दोन पुरवठादारांनी एकेक कार्ड नमुन्यादाखल दोन दिवसांसाठी दिलं होतं. नमुना पाहायचा म्हणजे खोकं उघडून, आत बघून, पुन्हा बंद करायचं, अशी आमच्याकडे पद्धत. मच्छिंद्रनं तो चक्क लावला होता.

डावीकडच्या पडद्यावर गिअरबॉक्स तेल घातल्यासारखा फिरत होता. उजवीकडचा थोडा फिरायचा, थांबायचा, काहीतरी आठवल्यासारखं करायचा, पुन्हा फिरायचा.

"डावीकडं काळं लावलंयस ना?" मी विचारलं.

"पांढरं."

"उलटसुलट झालं असेल."

"मला बी तसंच वाटलं. म्हणून ह्याचं त्याला, त्याचं ह्याला लावून बघितलं. मशीन बदललं, गुण नाय बदलला." त्यानं खिशातून आखीव कागद काढला. पेन्सिलीनं लिहिलेला, तारीख घातलेला. "वाचा."

पांढरं, पडद्यावर सेकंदाला शेहेचाळीस चित्रचौकटी. काळं, एकोणीस. अर्ध्या तासानंतर पांढऱ्याचं तापमान बासष्ट अंश, काळ्याचं अठ्ठ्याऐंशी. काळं लावल्यावर मशीन दोन वेळा आपोआप बंद. कारण, आपल्या मशीनचा पॉवर सप्लाय तीनशे वॅटचा, जुना. काळ्याची भूक त्याला झेपत नाही.

"अरे, पण काळ्याची मेमरी दोन जीबी आहे. पांढऱ्याची एकच."

"हाय की. पण जुन्या जातीची हाय सर. गोदाम मोठं आन् दार बारकं. माल मावतो भरपूर, बाहेर काढायला दिवस जातो. पांढऱ्याचं गोदाम लहान, पण दारातनं ट्रक जातोय. पांढऱ्याच्या खोक्यावर लिहिलंय बघा खाली, सेकंदाला बहात्तर जीबी."

"आणि काळ्याच्या?"

"लिहिलेलंच नाय. तिथं बाईची तलवार आलीय. मी नेटवर हुडकलं. अठ्ठावीस."

मच्छिंद्र कोळेकर आमचा प्रयोगशाळा सहायक. शिक्षण आयटीआय, वायरमन. दर वर्षी त्याला अकरा महिन्यांची नेमणूक मिळे, मग आठवडाभर खंड, मग पुन्हा अकरा महिने. हा खंड कागदोपत्री असे. त्या आठवड्यातही तो रोज यायचा, फक्त हजेरीपटावर सही करायचा नाही. अशा नऊ नेमणुका झाल्या होत्या. त्याला एक खोड होती. प्रत्येक यंत्रावर तो पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर यंत्राचा स्वभाव लिहायचा. 'पहिल्यांदा चालू होत नाही, दुसऱ्यांदा दाबा.' 'पंखा ओरडतो, घाबरू नये.' 'माऊस डावीकडे ओढतो.' निर्मात्यानं यंत्राबद्दल काय छापलंय हे पुस्तिकेत होतं, आणि यंत्र खरोखर कसं वागतं हे मच्छिंद्रच्या पट्ट्यांवर. पुस्तिका कपाटात कुलूपबंद होत्या. कोणाचं काही अडत नव्हतं.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, त्याच्या पदाची मुलाखत होती. नऊ वर्षांनी शासनानं एक कायम पद मंजूर केलं होतं. वयाची अट अडतीस आणि मच्छिंद्रला फेब्रुवारीत अडतीस पूर्ण होत होती. म्हणजे हीच पहिली संधी आणि हीच शेवटची. त्यावर तो काही बोलायचा नाही. फक्त त्या महिन्यात त्यानं जरा जास्तच पट्ट्या लावल्या होत्या.

"सर, ह्याच्याखाली सही करता का? 'पाहिलं' एवढंच."

"सही कशाला? उद्या समितीत मांडतोच आहे ना मी."

"बरं." त्यानं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "मग तक्त्यात एक ओळ वाढवा सर. 'प्रत्यक्ष चालवून पाहिलं', अशी. एकच ओळ."

मी कागद शर्टाच्या खिशात ठेवला.

आता तक्त्याबद्दल सांगायला हवं. मी तिथे रुजू होण्याच्या बऱ्याच आधी छताच्या पंख्यांच्या खरेदीवरून संस्थेत मोठी भांडणं झाली होती. कोणी कोणाचा मेहुणा काढला, कोणी कोणाचा साडू. तेव्हापासून कार्यालय अधीक्षक बागवान भाऊसाहेबांनी तुलनात्मक तक्त्याचा एक नमुना पाडून दिला होता. डावीकडे गुणधर्म, पुढे प्रत्येक वस्तूचा रकाना, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या पुढे बरोबरची खूण. किमतीत तेवढी लहान आकड्याला खूण. शेवटी खुणा मोजायच्या. ज्याच्या जास्त, ती वस्तू घ्यायची.

"ह्यात भांडायला जागाच नाही सर," भाऊसाहेब अभिमानानं सांगत. "आकडा बोलतो. माणसानं तोंड उघडायचंच नाही."

भाऊसाहेब सज्जन माणूस. पुरवठादाराकडचं दिवाळीचं कॅलेंडरसुद्धा ते घरी न नेता कार्यालयाच्या भिंतीवर लावत. या सगळ्या प्रकरणात कोणीही एक पैसा खाल्ला नाही, हेही सांगून ठेवतो. खाल्ला असता तर बरं झालं असतं. निदान कोणाला तरी पकडता आलं असतं.

सोमवारी संध्याकाळी मी तक्ता टंकायला बसलो, तेव्हा भाऊसाहेब शेजारीच होते.

"भाऊसाहेब, एक ओळ वाढवली तर? प्रत्यक्ष चाचणीची."

"पुरवठादारांनी दिलाय का तो आकडा?"

"नाही. मच्छिंद्रनं काढलाय."

"मग दोघांच्या सही-शिक्क्यानिशी आणा, घालू की." ते शांतपणे म्हणाले. "नाहीतर उद्या लेखापरीक्षक विचारील, हा कोळेकर कोण? कायम आहे का?"

"बरं, मग माल बाहेर काढायच्या वेगाची ओळ? ती खोक्यावर छापलेली आहे."

"दोन्ही खोक्यांवर?"

"पांढऱ्याच्या."

"मग काळ्याचा रकाना रिकामा राहतोय. रिकामा रकाना चालत नाही सर. रिकामा म्हटला की त्यात काहीतरी लपवलंय असं दिसतं."

मी ती ओळ खोडली. भाऊसाहेबांशी वाद घालता आला असता. मी घातला नाही, आणि का घातला नाही हे मला तेव्हाही माहीत होतं.

मंगळवारी अकराला समिती बसली. प्राचार्य हिरेमठ स्थापत्य शाखेचे. सिमेंटच्या गोणीला हात लावून ती किती जुनी ते सांगणारा माणूस. पण संगणकासमोर बसले की खुर्ची थोडी मागे घेऊन बसत. त्यांनी तक्ता हातात घेतला.

"मेमरी. पांढरं एक, काळं दोन. खूण काळ्याला. बरोबर?"

"बरोबर," समिती म्हणाली.

"लांबी. पांढरं सतरा सेंटिमीटर, काळं चोवीस. काळ्याला."

"सर, लांबी जास्त म्हणजे..." मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"काही नाही. पेटीत बसायला जरा अडचण होते."

"बसवील की मच्छिंद्र. पुढे. पंखे. पांढऱ्याला एक, काळ्याला दोन. काळ्याला. वीज. पांढरं पासष्ट वॅट, काळं एकशेदहा." ते थांबले. कुठल्याही शाखेच्या माणसानं इथे थांबायला हवं होतं, आणि ते थांबले. मला अजून आठवतंय, क्षणभर वाटलं, सुटलो. मग ते म्हणाले, "मोटर जास्त वॅटची म्हणजे ताकद जास्त. काळ्याला."

किंमत जवळपास सारखी होती, तिथली खूण तेवढी पांढऱ्याला मिळाली. चार विरुद्ध एक. भाऊसाहेबांनी बेरीज दोनदा केली.

"आणि उपळेकर सरांनी तर पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं होतं," प्राचार्य माझ्याकडे वळून कौतुकानं म्हणाले. "तुमचे शब्द आहेत इतिवृत्तात. भाऊसाहेब, वाचा."

भाऊसाहेबांनी वाचलं. "प्रा. उपळेकर यांनी असे मत व्यक्त केले की, काळे कार्ड दुप्पट मेमरीचे असल्याने साधारण दुप्पट वेगाने काम करील."

असं मी म्हणालो होतो. पुरवठादाराचं माहितीपत्रक टेबलावर होतं, त्यावर ती बाई होती, प्राचार्यांनी विचारलं होतं, "तज्ज्ञ काय म्हणतात?" आणि मी तज्ज्ञ होतो. विभागप्रमुखाची जागा रिकामी होती. माझ्या बढतीचं पत्र टंकून तयार होतं आणि प्राचार्यांच्या डावीकडच्या ट्रेमध्ये सहीसाठी पडलं होतं. ट्रे मला खुर्चीतून दिसत होता.

"काही बदल आहे का मतात?" प्राचार्यांनी विचारलं. अगदी सरळपणे विचारलं. त्या माणसाच्या मनात काही नव्हतं.

माझ्या खिशातला कागद पातळ होता, पण श्वास घेतला की छातीला लागत होता. एकोणीस आणि शेहेचाळीस. दुप्पट वेग होताच. फक्त मी सांगितला त्याच्या उलट बाजूला.

"नाही सर," मी म्हणालो.

मधल्या सुट्टीत मच्छिंद्र जिन्यात भेटला. हातात दोन्ही नमुने, व्यवस्थित खोक्यांत घालून परत द्यायला निघालेला.

"काय ठरलं सर?"

"काळं."

तो जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उभा होता, वर बघत. "कागद दाखवला?"

"नमुन्यात बसत नव्हता."

"व्हय का?" त्यानं काळ्या खोक्यावरच्या बाईकडे जरा वेळ बघितलं. "बरं. मग पॉवर सप्लाय तरी बदलून घ्या सर. बाराचे बारा. नायतर जळतील."

"ते पुढच्या वर्षीच्या तरतुदीत बघू."

"बरं," तो म्हणाला आणि खाली गेला. मच्छिंद्र बऱ्याच गोष्टींवर 'बरं' म्हणायचा. नऊ नेमणुकांची सवय असावी.

संध्याकाळी माझं विभागप्रमुखपदाचं पत्र सही होऊन आलं.

गुरुवारी मुलाखती होत्या. सतरा अर्ज आले होते, पात्र ठरले दोघं. मच्छिंद्र कोळेकर आणि प्रज्योत शेटे. शेटे पंढरपूरकडचा, पंचवीस वर्षांचा, संगणकाची पदवी झालेला, कडक इस्त्रीचा शर्ट. पाच प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून क्रमवार लावलेली फाइल. पोरगा वाईट नव्हता. त्याला इंग्रजीत सगळं पाठ होतं.

समितीत प्राचार्य, भाऊसाहेब आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी. तक्ता मीच टंकला होता. नमुना तोच. फक्त वस्तूंच्या जागी नावं.

आधी शेटे आत आला. "ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय?" प्राचार्यांनी विचारलं. परवाच बारा घेतल्यामुळे तो विषय त्यांच्या डोक्यात ताजा होता. शेटेनं एका दमात व्याख्या सांगितली, उपयोग सांगितले, मग प्रकार सांगायला लागला तेव्हा प्राचार्यांनी हात वर करून थांबवलं. तो गेल्यावर म्हणाले, "तयारी आहे."

मग मच्छिंद्र. केस पाण्यानं बसवलेले, पायांत बूट. नऊ वर्षांत मी त्याला बुटांत पाहिलं नव्हतं.

"या, बसा कोळेकर," प्राचार्य म्हणाले.

इतकी वर्षं तिथे सगळे त्याला 'मच्छिंद्र, इकडं ये रे' म्हणत. 'बसा' ऐकल्यावर तो आधी मागे वळून बघायला लागला, कोणी आलंय का म्हणून. मग खुर्चीच्या कडेवर बसला. माझी खात्री आहे, त्याला निकाल तेव्हाच कळला.

"ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, सांगा."

"कुठलं सर?"

"कुठलं म्हणजे? सर्वसाधारण."

"सर्वसाधारण कसं सांगू सर? प्रत्येकाचं निराळं असतंय. पांढरं विचारा, काळं विचारा. सांगतो."

"अहो, तात्त्विक सांगा. व्याख्या."

"तात्त्विक येत नाय सर." तो थोडा पुढे सरकला. "पण एखादं आणून द्या, आत्ता लावून दाखवतो. कसं हाय ते दहा मिनिटांत कळंल."

भाऊसाहेब हसले. वाईट नाही, मायेनं हसले. "मच्छिंद्र, इथं आता काय फरशीवर बसणार का तू?"

"बसंन की," मच्छिंद्र म्हणाला.

तो बाहेर गेला. प्राचार्यांनी तक्ता पुढे ओढला.

"शिक्षण. शेटे सोळा वर्षं, कोळेकर बारा. खूण शेटेला. प्रमाणपत्रं, पाच आणि शून्य. शेटेला. टंकलेखन, चाळीस आणि तीस. शेटेला. अनुभव..." इथे ते सैलावले. "अनुभवात मच्छिंद्र बाजी मारतो. नऊ वर्षं."

"सर, ओळ 'सलग अनुभव' अशी आहे," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचाही आवाज उतरला होता. "शासनाच्या जाहिरातीतच तसं आहे. शेटेचा एका क्लासमध्ये सलग सव्वीस महिने."

"आणि मच्छिंद्रचा?"

"अकरा महिने."

"अहो, नऊ वर्षं आहे तो इथं!"

"मध्ये खंड आहेत सर. ते खंड आपणच दिलेत. आपल्याच सह्या आहेत."

पंखा फिरत होता. भांडणाच्या काळातला, जुना, जड. प्राचार्यांनी अनुभवाची खूणही शेटेपुढे केली.

"वय," ते शेवटी म्हणाले. "शेटे पंचवीस, कोळेकर सदतीस. इथं मोठा आकडा कोळेकरचा."

"वयात लहान आकडा चांगला सर," भाऊसाहेब म्हणाले.

"हो. बरोबर. वयात लहान चांगला." त्यांनी शेटेपुढे खूण केली. तीनच दिवसांत समितीला हे कळायला लागलं होतं.

मग प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"उपळेकर सर, तुम्ही विभागप्रमुख. तुम्ही ह्याचं काम रोज बघता. विषयतज्ज्ञाला एक ओळ वाढवायचा अधिकार आहे, तसं नियमात आहे. 'प्रत्यक्ष काम' अशी ओळ घातलीत आणि तिला एका खुणेऐवजी वीस ठेवल्यात, तरी मी सही करतो. घालायचीय का?"

भाऊसाहेबही माझ्याकडेच बघत होते. आणि मला स्पष्ट आठवतंय, त्यांच्या नजरेत 'घाला' असं होतं. ज्यांनी नमुना पाडला, त्यांच्याच नजरेत.

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी मनात उगीच बरंच काही योजून ठेवलं होतं, संस्था, नियम, दबाव. यांतलं काहीच आडवं आलं नाही. फक्त मी होतो. प्रत्यक्ष कामाची ओळ घालायची म्हणजे प्रत्यक्ष कामाचा पुरावा जोडायचा. सगळ्यात ताजा पुरावा सोमवारचा होता. पेन्सिलीनं लिहिलेला, तारीख घातलेला. तो जोडला की पुढचा प्रश्न, मंगळवारी हा कुठे होता? दुसरा पुरावा शोधता आला असता. पण मच्छिंद्र कायम झाला असता, तर रोज सकाळी प्रयोगशाळेत तो कागद माहीत असलेला माणूस मला 'नमस्कार सर' म्हणाला असता. निवृत्तीपर्यंत. हे मी तिथे खुर्चीत बसून, साधारण दोन सेकंदांत, नीट पाहिलं.

"नाही सर," मी म्हणालो. "नमुन्याप्रमाणेच असू द्या. उगीच बोट दाखवायला जागा नको."

प्राचार्यांनी सही केली.

मच्छिंद्रनं आठ दिवसांत पदभार दिला. सत्तर वस्तूंची यादी, प्रत्येकीपुढे शेरा. शेटेनं पहिल्याच आठवड्यात यंत्रांवरच्या सगळ्या चिकटपट्ट्या सोलून काढल्या. घाण दिसत होत्या म्हणाला, आणि खरंच दिसत होत्या. मार्चअखेर बारा काळी कार्डं आली. शेटेनं पुस्तिकेत बघून बसवली. पेट्या अरुंद पडत होत्या म्हणून बाजूचे पत्रे काढून ठेवले.

एप्रिलमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाली. बाहेरून परीक्षक आले होते. सकाळी साडेसातपासून आकृत्या काढून साडेदहाला बारा मुलांनी बारा गिअरबॉक्स फिरवायला घेतले. पावणेअकराला पहिलं मशीन बंद पडलं, अकरापर्यंत पाच. सात नंबरच्या मशीनमधून जळका वास आला. एक मुलगी रडायला लागली, तिची तीन तासांची आकृती गेली होती.

शेटे घामाघूम होऊन खोकं हातात धरून उभा होता. "सर, ह्यावर तर लिहिलंय, दोन जीबी..."

"मच्छिंद्रला फोन लावा," प्राचार्य म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते सांगायची गरज नव्हती.

तो एसटी स्टँडजवळ मोटर रिवायंडिंगच्या दुकानात कामाला लागला होता. मी फोनवर नुसतं "मच्छिंद्र, मशीनं बंद पडतायत" म्हणालो. त्यानं विचारलं, "काळी?" मी हो म्हणालो. वीस मिनिटांत तो आला. हाताला वार्निशचा वास, पायांत चप्पल. आल्याआल्या त्यानं चप्पल दाराबाहेर काढली, पूर्वी काढायचा तशी, आणि फरशीवर बसला.

"पोरांनू, पाच मिनटं हात वर," तो म्हणाला. "घाबरू नका. आकृती मशीनमधी असती, एवढ्यात मरत नाय. ए ताई, तुझी पण हाय, दाखवतो. रडू नको."

त्यानं एकेक कार्ड काढलं. यंत्राची स्वतःची साधी चित्रव्यवस्था सुरू केली. सातव्याचा पॉवर सप्लाय गेला होता, तिथे माझ्या केबिनमधलं मशीन आणून लावलं, मला न विचारता. त्या मुलीची आकृती परत मिळाली, शेवटचा एक गिअर सोडून. साडेअकराला परीक्षा पुन्हा सुरू झाली. बारा गिअरबॉक्स अडखळत, रखडत, पण फिरायला लागले.

"हळू चालतील," तो परीक्षकांना म्हणाला, "पण चालतील."

प्राचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते आपल्या खोलीत गेले. भाऊसाहेबांनी चहा सांगितला. तो मच्छिंद्रनं बशीत ओतून उभ्याउभ्या प्यायला.

मग तो बारा कार्डं पुसून, एकेक खोक्यात घालून, कपाटात रचायला लागला. बारा बायका, बारा तलवारी, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. मी शेजारी उभा राहिलो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"मच्छिंद्र, तुझ्या हाताला गुण आहे हं."

"व्हय," तो म्हणाला. मग रचतारचता, माझ्याकडे न बघता, "तो कागद हाय का हो सर अजून? गिअरबॉक्सचा?"

"कुठला रे? शोधावा लागेल."

कागद माझ्या टेबलाच्या वरच्या खणात होता. अजूनही आहे. टेबल बदललं, घर बदललं, खण वरचाच.

"ऱ्हाऊ द्या मग." त्यानं कपाट लावलं. शेटेकडे चिकटपट्टी मागितली. शेटेनं पुढे केली. मच्छिंद्रनं हातभर पट्टी तोडली, कपाटाच्या दारावर सरळ लावली, अंगठ्यानं दोनदा दाबली आणि कानावरची पेन्सिल काढून सावकाश लिहिलं.

'ग्राफिक्स कार्ड. नग १२. सर्व उत्तम. वापरू नये.'

"येतो सर," तो म्हणाला. चप्पल घातली आणि गेला. पुन्हा कधी त्याला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर आला असता.

शेटेनं ती पट्टी कधी सोलली नाही. दर वर्षी जूनमध्ये विभागाच्या साठ्याची प्रत्यक्ष मोजणी होते. विभागप्रमुखानं कपाट उघडायचं, वस्तू बघायच्या, नोंदवहीत लिहून सही करायची. मी कपाट उघडायचो, बारा तोंडं बघायचो, आणि लिहायचो, 'नग बारा, स्थिती उत्तम.' त्याच्या पट्टीवरचे शेवटचे दोन शब्द मी घेत नसे. नमुन्यात त्यांना रकाना नव्हता.

निवृत्त होईपर्यंत मी अशा नऊ सह्या केल्या. सलग. मध्ये एकदाही खंड पडला नाही.